'लायसेन्शिएट'चे दोन मार्ग : मुंबई इलाख्यातील अभियांत्रिकी पदविकेच्या दर्जाचा इतिहास

प्रस्तावना

शासकीय बांधकाम व पाटबंधारे खात्यांत पदविकाधारकाने कनिष्ठ अभियंता म्हणून आणि पदवीधराने सहायक अभियंता म्हणून प्रवेश करावा, ही विभागणी महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की ती अभियांत्रिकी ज्ञानाच्या स्वरूपातूनच निपजली असावी असा समज होतो. पदवी म्हणजे सिद्धान्त, पदविका म्हणजे कौशल्य; पदवीधर आराखडा करतो, पदविकाधारक तो कामावर उतरवतो, असे तिचे समर्थनही केले जाते. इतिहासाच्या साधनांतून मात्र वेगळे चित्र समोर येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात 'लायसेन्शिएट' या एकाच नावाच्या अर्हता अस्तित्वात आल्या. त्यांपैकी पुण्यातील अर्हतेची पुढे पदवी झाली आणि मुंबईतील अर्हता पदविकाच राहिली. हा फरक अभ्यासक्रमाने कमी आणि त्या अर्हतेपुढे असलेल्या नोकरीने अधिक घडविला. प्रस्तुत लेखात या दोन मार्गांचा व त्यांतून निर्माण झालेल्या दर्जाच्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

दुय्यम नोकरवर्गाची गरज

पश्चिम भारतात तांत्रिक शिक्षणाचा आरंभ पुण्याच्या महाविद्यालयापासून मानण्याची पद्धत आहे. त्यापूर्वी १८२३ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन सुरू झाली होती. मोजणी व बांधकामाच्या कामासाठी एतद्देशीय तरुण तयार करणे हा तिचा हेतू होता आणि शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून दिले जात असे. त्यासाठी जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत सिद्ध केली. ही संस्था फार काळ टिकली नाही. तरीही तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे, कारण येथे तयार होणारा विद्यार्थी युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणारा असावा हे आरंभीच गृहीत धरलेले होते.

१८५४ हे वर्ष या दृष्टीने अनेक अर्थांनी निर्णायक ठरते. वूडचा खलिता त्याच वर्षीचा. लॉर्ड डलहौसीने लष्करी मंडळाकडील बांधकामे काढून सार्वजनिक बांधकाम खात्याची स्वतंत्र उभारणी केली तीही याच सुमारास. आदल्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. रस्ते, पूल, कालवे आणि लोहमार्ग यांच्या कामांवर इंग्लंडहून आणलेले अधिकारी पुरणार नव्हते आणि परवडणारही नव्हते. या परिस्थितीत जुलै १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग व पूल यांच्या कामांसाठी योग्य असे दुय्यम अधिकारी तयार करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. 'दुय्यम' हा शब्द येथे निष्काळजीपणे आलेला नाही. उत्तरेत १८४७ मध्ये स्थापन झालेल्या रुरकीच्या महाविद्यालयातही इंजिनिअर, वरिष्ठ दुय्यम व कनिष्ठ दुय्यम असे निरनिराळे वर्ग होते. ते वर्ग खात्यातील हुद्द्यांच्या उतरंडीशी जुळणारे होते. सारांश, हुद्दे आधी ठरले आणि अभ्यासक्रम त्यांच्या मापाने बेतले गेले.

संस्थेच्या नावातील 'इंजिनिअरिंग क्लास' आणि 'मेकॅनिकल स्कूल' ही जोडीही बोलकी आहे. एकीकडे गणित, मोजणी, नकाशे; दुसरीकडे भट्टी, कानस, रंधा. हातकामाचे ज्ञान या प्रदेशात परंपरेने सुतार, लोहार, पाथरवट या जातींकडे होते, तर खात्याच्या कचेरीतील लेखणी उच्चवर्णीयांच्या हाती होती. महात्मा जोतीराव फुले स्वतः सार्वजनिक बांधकामांचे कंत्राटदार होते आणि इंजिनिअर खात्यातील कारकून व कामगार यांच्या संगनमताविषयी त्यांनी जे कठोर लेखन केले, त्यामागे हा प्रत्यक्ष अनुभव होता. नव्या तांत्रिक शिक्षणाने ही दरी सांधण्याऐवजी तिला वर्गखोलीत आणून बसविले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पुण्याचा मार्ग : एल.सी.ई.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुण्याच्या संस्थेचे रूप पालटू लागले. १८६५ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते नव्या इमारतीची पायाभरणी झाली आणि १८६६ मध्ये महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न झाले. विद्यापीठाने येथे 'लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग', म्हणजे एल.सी.ई. ही अर्हता दिली. 'लायसेन्शिएट' याचा शब्दशः अर्थ परवाना मिळालेला असा होतो. वैद्यक शाखेतील एल.एम. अँड एस. प्रमाणेच येथेही विद्यापीठाने 'बॅचलर' हे नाव टाळून एक पायरी खालचे नाव पसंत केले. व्यवसाय करण्याची मुभा द्यावी, पण विद्वत्तेचा पूर्ण मान देऊ नये, असा काहीसा त्याचा भाव होता.

या अर्हतेचे सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले. १८८३ च्या एल.सी.ई. परीक्षेत ते प्रथम आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारने त्यांची नाशिक येथे सहायक अभियंता म्हणून नेमणूक केली. म्हणजे बी.ए. ची पदवी घेतलेला विद्यार्थी त्यानंतर 'लायसेन्शिएट' होत होता! नावाने कनिष्ठ असलेली ही अर्हता प्रत्यक्षात पदवीच्याही पुढची होती. पुढे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासला येथे बसविलेले स्वयंचलित दरवाजे ही विश्वेश्वरय्यांची कल्पना. 'आराखडा करणे हे पदवीधराचे काम' या आजच्या समर्थनाला हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

अर्थात एल.सी.ई. झालेल्यांना सगळे दरवाजे उघडे होते असे नव्हे. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे भारतातील बांधकाम खात्यासाठी खास महाविद्यालय स्थापन झाले आणि वरिष्ठ जागांचा मोठा भाग तेथून भरला जाऊ लागला. ॲचिसन आयोगानंतर १८९२ च्या सुमारास खात्याची 'इम्पीरियल' व 'प्रोव्हिन्शियल' अशी विभागणी झाली. भारतीय महाविद्यालयातून आलेला अभियंता साधारणतः दुसऱ्या गटात पडे. आजचा पदविकाधारक पदवीधराकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने त्या काळचा पुण्याचा अभियंता कूपर्स हिलच्या अभियंत्याकडे पाहत असला पाहिजे. कूपर्स हिल १९०६ मध्ये बंद झाले. पुण्याचे महाविद्यालय मध्यंतरी विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जात होते. १९११ मध्ये ते पुन्हा निखळ अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि याच टप्प्यावर एल.सी.ई. च्या जागी बी.ई. ही पदवी आली. नाव बदलले तेव्हा त्या अर्हतेच्या धारकांनी केलेली कामे इलाखाभर उभी होती. मिळायचे ते केवळ नावच उरले होते आणि विद्यापीठाची मोहोर पाठीशी असल्याने ते मिळाले.

मुंबईचा मार्ग : एल.एम.ई.

मुंबईतील हकीकत वेगळी आहे. येथे तांत्रिक शिक्षणाची निकड सरकारला नव्हे तर गिरणीमालकांना भासली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातल्यानंतर तीन दशकांत मुंबई हे गिरण्यांचे शहर झाले. परंतु गिरणीतील व्यवस्थापक, विणाई व कताई मास्तर आणि इंजिनिअर बहुतांशी लँकेशायरहून येत. त्यांचे पगार मोठे, करार मुदतीचे. स्थानिक माणूस तयार करणे हा गिरणीमालकांच्या दृष्टीने हिशेबाचा प्रश्न होता. लॉर्ड रिपन यांच्या स्मरणार्थ उभारलेला निधी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा १८८७ मधील सुवर्णमहोत्सव आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांची देणगी यांतून भायखळा येथे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट साकारली. यंत्र अभियांत्रिकी व वस्त्रनिर्मिती हे तिचे प्रमुख विषय. १९२३ मध्ये ती माटुंग्यास गेली.

या संस्थेनेही आपल्या अर्हतेस 'लायसेन्शिएट' हेच नाव दिले. एल.एम.ई., एल.ई.ई., एल.टी.एम. ही आद्याक्षरे नावापुढे लावणारे तंत्रज्ञ गिरण्या, रेल्वेचे कारखाने, वीज कंपन्या यांतून दिसू लागले. गिरण्यांच्या तांत्रिक जागांवरील युरोपियनांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उतरत गेले, त्यात या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. मात्र एल.सी.ई. विद्यापीठ देत होते आणि एल.एम.ई. संस्था स्वतः देत होती. एल.सी.ई. च्या टोकाला सरकारी सेवेतील राजपत्रित जागा होती, एल.एम.ई. च्या टोकाला खासगी गिरणीचे फाटक. खासगी मालकाला अर्हतेच्या नावाशी कर्तव्य नव्हते, सांचा बंद पडला तर तो चालू करणारा माणूस त्याला हवा होता. त्यामुळे एल.एम.ई. ला पदवीचे नाव मिळावे यासाठी दबाव आणणारे कोणी नव्हते. चाळीसच्या दशकात संस्थेत विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले तेव्हा जुनी अर्हता पदवीत विलीन झाली नाही; ती पदवीच्या खालच्या पायरीवर, पदविका म्हणून उरली.

या संस्थेच्या आरंभीच्या शिक्षकांत लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आढळते. सर जे. जे. कलाशाळेत यांत्रिक रेखाटन शिकलेले लक्ष्मणराव तोच विषय येथे शिकवीत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावातील सायकलचे दुकान, चारा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंध संस्थानात वसलेली किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा पाया घालणाऱ्या या गृहस्थांकडे एल.सी.ई. वा एल.एम.ई. यांपैकी काहीही नव्हते. लोखंडी नांगर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने तो तयार करणाऱ्याची अर्हता विचारल्याचे ऐकिवात नाही.

याच काळात बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने व त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. तंत्रशिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि त्यासाठी परिभाषा व पाठ्यपुस्तके घडवावीत हा गज्जर यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. नोकरीच्या उतरंडीपेक्षा उद्योगाच्या उभारणीकडे पाहणारा हा प्रयोग इलाख्याच्या हद्दीबाहेर, एका संस्थानात व्हावा, हेही सूचक आहे.

मालकांची तक्रार

तंत्रशिक्षण घेतलेले तरुण कारखान्यात निरुपयोगी ठरतात ही तक्रार आज ऐकू येते तशी शंभर वर्षांपूर्वीही ऐकू येत होती. तिची चौकशी करण्यासाठी सरकारने १९११-१२ मध्ये दोघांची नियुक्ती केली. रुरकीचे प्राचार्य लेफ्टनंट कर्नल ॲटकिन्सन आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेचे प्राचार्य डॉसन. तांत्रिक संस्था व मालकवर्ग यांच्यात अधिक निकटचा व व्यवहार्य संबंध कसा प्रस्थापित होईल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या निवडीतच दोन मार्गांची कबुली आहे. एक प्राचार्य सरकारी खात्यासाठी विद्यार्थी घडविणारा, दुसरा खासगी कारखान्यासाठी.

पुढे सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने १९१८ च्या अहवालात उद्योगांची दोन गटांत विभागणी केली. यंत्र अभियांत्रिकीसारख्या हातकौशल्यप्रधान उद्योगांत शिक्षणाचा पाया कारखान्यातच घातला जावा व वर्गशिक्षण त्याला जोडून असावे. साखर, तेल, रसायने यांसारख्या उद्योगांत मात्र संस्थेतील शिक्षण प्रधान असावे, अशी त्याची भूमिका होती. शैक्षणिकदृष्ट्या हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. उलट उमेदवारीची जी योजना आज नव्याने मांडली जाते तिचे बीज त्यात आहे. परंतु कारखान्यातून शिकून वर येणाऱ्यासाठी विद्यापीठाचे दार कोठे उघडावे, या प्रश्नाला त्यातून ठोस उत्तर निघाले नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात यंत्र व विद्युत अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण सुरू झाले. यंत्रविद्या हा विषय पदवीस अपात्र नव्हता, हे त्यातून आपोआपच सिद्ध झाले.

तंत्रनिकेतनांचा विस्तार आणि न्यायालयातील प्रश्न

१९३७ च्या ॲबट-वूड अहवालाने 'पॉलिटेक्निक' या प्रकारच्या संस्थेची शिफारस केली. महाराष्ट्रात नागपूरची अभियांत्रिकी शाळा १९१४ पासून होती. पुण्यात १९३८ मध्ये कुसरो वाडिया संस्था आणि १९५७ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन सुरू झाले. पंचवार्षिक योजनांच्या काळात तंत्रनिकेतनांची संख्या वाढत गेली आणि १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी संस्थांना परवानगी दिल्यानंतर ती तालुक्यांपर्यंत पोचली. विस्ताराचा हा भाग सुपरिचित असल्याने येथे त्याचा तपशील देण्याचे कारण नाही.

संख्या वाढली तसा दर्जाचा प्रश्न तीव्र झाला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधारक उमेदवारांचा समावेश झाला. तेथेही दोघांची नावे वेगळी, विद्यावेतन वेगळे. बढतीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जम्मू-काश्मीरच्या अभियांत्रिकी सेवेत सहायक अभियंता या एकाच पदावर पदवीधर व पदविकाधारक दोघेही काम करीत होते. १९७० च्या नियमांनी कार्यकारी अभियंतापदाची बढती पदवीधरांपुरती आणि ए.एम.आय.ई. च्या अ व ब विभागांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपुरती मर्यादित केली. त्रिलोकीनाथ खोसा यांच्या या प्रकरणात १९७३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे नियम वैध ठरविले. मुख्य निकालपत्र न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे. शैक्षणिक अर्हतेच्या आधारे प्रशासकीय कार्यक्षमतेसाठी केलेले वर्गीकरण समानतेच्या तत्त्वाचा भंग करीत नाही, असा त्याचा आशय होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी सहमती दर्शविताना, अशा वर्गीकरणाचा विस्तार होत गेला तर समानतेची हमीच बुडून जाईल, असा इशारा दिला. एकाच पदावर एकच काम करणाऱ्या दोघांत नोकरीपूर्वीच्या अर्हतेने आयुष्यभर भेद करावा काय, हा प्रश्न निकालाने कायद्यापुरता मिटला. सेवेतील कटुता त्याने मिटली नाही.

या निकालात ए.एम.आय.ई. चा उल्लेख आला हे महत्त्वाचे आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या व १९३५ मध्ये राजसनद मिळालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येत आणि त्या पदवीसमान मानल्या जात. दिवसा कालव्यावर वा कारखान्यात आणि रात्री अभ्यास, अशा रीतीने पदविकाधारकांच्या कित्येक तुकड्या या वाटेने वर चढल्या. महाविद्यालयाचा पूर्ण वेळ आणि शुल्क ज्याला परवडत नव्हते त्याच्यासाठी ही जवळजवळ एकमेव शिडी होती. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदविणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ही समकक्षता बंद केली. आता उरलेला प्रमुख मार्ग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याचा. तो प्रशस्त आहे, पण नोकरी न सोडता चालता येण्याजोगा क्वचितच. एका बाबतीत तो ऐतिहासिकदृष्ट्या नवा आहे. पदविकेतील अभ्यास हा पदवीच्या अभ्यासाचाच भाग आहे, हे त्यात प्रथमच व्यापक प्रमाणावर मान्य झाले. एल.एम.ई. धारकांना ही मान्यता कधी मिळाली नव्हती.

भाषेची पायरी

दर्जाच्या या उतरंडीत भाषेचे स्थान दुर्लक्षित राहिले आहे. जर्व्हिस यांच्या संस्थेत मराठी होती, कारण विद्यार्थी हाताखालच्या कामासाठी तयार व्हायचा होता. विद्यापीठाशी संलग्नता आली तशी इंग्रजी आली आणि तीच पुढे अधिकाऱ्याची खूण ठरली. कामावर मात्र मिस्त्री, मुकादम व गवंडी यांच्याशी बोलणारा ओव्हरसिअर मराठीतच बोलत राहिला. आराखडा इंग्रजीत आणि ओळंबा मराठीत, अशी ही विभागणी होती. तंत्रनिकेतनात येणारा विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून दहावी झालेला असतो आणि पहिल्याच सत्रात त्याची गाठ विषयाआधी भाषेशी पडते, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पदविकेसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक अध्यापनाचा पर्याय उपलब्ध करून दिला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयास संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून शिकविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिली. पदवीच्या बाजूने असे वर्ग मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे द्विभाषिक पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला पदविकेच्या तीन वर्षांत जी भाषा मदतीला होती ती प्रवेशाच्या दिवशी बाजूला ठेवावी लागते, आणि त्याच्यासोबत बसणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यांचे तोपर्यंत इंग्रजीतील एक वर्ष पूर्ण झालेले असते.